आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, या पट्ट्यातल्या गावागावांतून येणाऱ्या चिकूच्या पेट्यांची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम कुणी सी भाषेत लिहिला. प्रत्येक नोंदीत दोनच गोष्टी: गावाचं नाव आणि पेट्यांची संख्या. नावासाठी १० बाइटांची जागा, संख्येसाठी ४ बाइटांचा पूर्णांक. नावं रोमन लिपीत टाकून पाहिली तर सगळं सुरळीत. रोमनमधलं तलासरी आठ अक्षरांचं. नाव संपल्याची खूण म्हणून सी भाषा शेवटी एक शून्य बाइट ठेवते, तो धरून नऊ. मग नावं मराठीत हवीत म्हणून देवनागरीत ‘आगर’ टाकून पाहिलं. तेही नीट उमटलं. आजच्या संगणकांवर मराठी मजकूर साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-वेलांटी, तीन बाइट घेतं. ‘आगर’ची तीन चिन्हं म्हणजे नऊ बाइट आणि शून्य धरून बरोब्बर दहा. चाचणी झाली, काम फत्ते. त्यानंतर डहाणूची नोंद आली. आधी ४० पेट्या लिहिल्या, मग नाव लिहिलं. यादी छापली तेव्हा डहाणूसमोर पेट्यांचा आकडा होता ८५,६२,१४४.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. त्याचा पैन्‌पैचा हिशोब लावता येतो. ‘डहाणू’ म्हणजे ड, ह, काना, ण आणि दीर्घ उकार अशी पाच चिन्हं. पंधरा बाइट, शून्य धरून सोळा. दहाच्या जागेत सोळा ओतले की सहा बाहेर सांडतात. पूर्णांक चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवण्याचा कंपाइलरचा (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचा) रिवाज असल्याने नावानंतर दोन बाइट मोकळे सोडलेले असतात. सांडलेल्या सहापैकी दोन तिथे जिरतात. उरलेले चार, म्हणजे उकाराचे तीन आणि शेवटचं शून्य, नेमके संख्येच्या जागेवर जाऊन बसतात. पेट्यांच्या रकान्यात आपल्याला दिसतो तो डहाणूचा दीर्घ उकार. लिहिण्याचा क्रम उलटा केला, आधी नाव आणि मग ४० पेट्या, तर संख्या शाबूत राहते आणि नाव बिघडतं: ‘डहाण(’ असं काहीतरी उमटतं, कारण ४० हा सुरुवातीच्या कंसाचा सांकेतिक क्रमांक आहे. तलासरीला तर एकोणीस बाइट लागतात. आधी पेट्या आणि मग नाव लिहिलं तर तिच्या पेट्या होतात उणे ५२,५२,९४,३६८, आणि उरलेले तीन बाइट पुढच्या नोंदीत घुसतात. ती पुढची नोंद आगरची असेल तर ‘आ’ पुसला जातो आणि त्या तीन बाइटांतला शेवटचा शून्य असल्यामुळे नाव तिथेच संपल्यासारखं दिसतं. आगरच्या नोंदीला कुणी हात लावलेला नाही, तरी आगर यादीतून नाहीसं झालं. कोणतीही जादा तपासणी न लावता कंपाइल केलेला प्रोग्राम यातल्या कुठल्याच टप्प्यावर अडत नाही, एक अक्षर तक्रार करत नाही.

कंपाइल होणाऱ्या भाषांमधल्या, विशेषतः सी आणि सी++ मधल्या मेमरीच्या चुका अशा असतात. चूक होते एका जागी, दिसते भलत्याच जागी आणि भलत्याच वेळी. रिकामं दिसणारं आगर पाहून कुणीही आगरचं नाव छापणाऱ्या ओळी तपासायला घेईल, आणि त्या ओळी निर्दोष असल्याने दिवसभर डोकं खाजवत बसेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही म्हण या धंद्याला चपखल लागू पडते. म्हणून या लेखाचं म्हणणं एका वाक्यात असं: मेमरीच्या बिघाडात खरा शत्रू प्रोग्रामचं कोसळणं नसून त्याचं गप्प राहणं आहे, आणि दोष शोधण्याची सारी विद्या म्हणजे चुकीला ती घडते त्याच जागी ओरडायला लावण्याची विद्या आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडे प्रोग्रामिंग शिकवण्याची आणि तपासण्याची रीत बरीचशी याच्या उलट दिशेने चालते.

सी भाषा गप्प का राहते, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास ती घडवली तेव्हा मेमरी किलोबाइटांत मोजली जात होती आणि प्रत्येक जादा तपासणी म्हणजे वेळेची व जागेची उधळपट्टी होती. त्यामुळे सी भाषेत अ‍ॅरे (ओळीने ठेवलेल्या मूल्यांचा संच) एखाद्या फंक्शनकडे दिला की फक्त त्याचा पत्ता जातो, लांबी जात नाही. मेमरी म्हणजे जमीन मानली, तर सी भाषेत सातबारा नसतो. गट कुठे सुरू होतो एवढं कळतं. क्षेत्र किती, मालक कोण, कसणारा कोण, हे सगळं प्रोग्रामरच्या डोक्यात. शेजारच्या बांधावर नांगर गेला तरी अडवायला तलाठी नाही. याच मोकळिकीने सी भाषेला वेग दिला आणि ती जगभर पसरली. डहाणूच्या खाडीतून निघणाऱ्या बोटीवरचा जीपीएस, घरातलं डिजिटल वीजमीटर, हातातल्या मोबाइलचा गाभा, अशा यंत्रांतलं सॉफ्टवेअर आजही मोठ्या प्रमाणात सी किंवा सी++ मध्येच लिहिलेलं असतं. तेव्हा हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांपुरता उरत नाही.

नोंदीची जागा अपुरी पडणं हा झाला एक प्रकार. दुसरा याहून फसवा. प्रोग्राम चालू असताना गरज पडेल तशी मेमरी मागून घेता येते आणि काम झालं की परत करायची असते. या मागून घेतलेल्या तुकड्यांची साखळी करतात, ज्याला लिंक्ड लिस्ट म्हणतात: प्रत्येक कडीत थोडी माहिती आणि पुढच्या कडीचा पत्ता. आता ही साखळी मोडायची आहे. विद्यार्थी सहज असा लूप लिहितो: कडी परत कर, मग तिच्यात लिहिलेल्या पत्त्यावरून पुढच्या कडीकडे जा. तर्काने पाहिलं तर हे चूक आहे, कारण परत केलेल्या जागेवरचा मजकूर वाचण्याचा हक्कच उरलेला नाही; पुढचा पत्ता आधी टिपून ठेवायला हवा होता. पण मेमरी परत करणं म्हणजे ती पुसणं नव्हे. कित्येकदा जुना पत्ता तिथे तसाच पडून असतो, लूप नीट संपतो, उत्तर बरोबर येतं आणि चूक पदरात दहापैकी दहा गुण पाडून घेते. पुढे कधीतरी दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या आवृत्तीत, किंवा एकाच वेळी दोन कामं चालू असताना ती जागा मधल्यामध्ये दुसऱ्याला दिली जाते आणि साखळी रानोमाळ भटकते. तेव्हा मूळ लूप लिहून कदाचित वर्ष लोटलेलं असतं.

गप्प राहण्याचं तिसरं रूप शोधणाऱ्यालाच चकवतं. प्रोग्राम बिघडला की आपण काय करतो? मधेमधे छापण्याच्या ओळी घालतो. आणि कित्येकदा त्या घातल्या की बिघाड नाहीसा होतो. काढल्या की परत येतो. याला भुताटकी समजण्याचं कारण नाही. छापण्याची ओळ वाढली की मेमरीतली मांडणी बदलते, आधी सांडलेले बाइट आता कुणाच्या उपयोगात नसलेल्या जागेत पडतात आणि लक्षण दबतं. कंपाइलरला वेगासाठी कोड सुधारायला सांगितलं की हेच उलट्या बाजूने घडतं: कालपर्यंत चालणारा प्रोग्राम अचानक मोडतो आणि लोक कंपाइलरला दोष देतात. सी भाषेच्या प्रमाण नियमांत अशा गैरवापराचा परिणाम काय होईल याची हमीच दिलेली नाही. प्रोग्राम चालला हा त्यामुळे तो बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही.

नेमकी हीच गोष्ट महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी उलटी शिकली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’ आणि पॉइंटरवरची पुस्तकं हाताशी घेऊन हजारो मराठी मुलं सी शिकली, आणि ती शिकताना समोर असायचा बोरलँड कंपनीचा निळ्या पडद्याचा टर्बो सी. टर्बो सी १९८७ चा, आणि कॉलेजांतून बराच काळ हटला नाही तो टर्बो सी++ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. तो डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणारा होता आणि डॉसमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीपासून अडवणारी भिंतच नव्हती. कुठेही लिहा, यंत्र ऐकून घेई. शून्य पत्त्यावर लिहिण्याची घोडचूक केली तर प्रोग्राम पूर्ण चालून संपल्यावर पडद्यावर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा एक निरोप येई. तो कसा येई हे पाहण्यासारखं आहे. डेटाच्या जागेच्या अगदी सुरुवातीला ठेवलेला ठरावीक मजकूर शेवटी जसाच्या तसा आहे का, एवढंच टर्बो सी तपासत असे. बदललेला दिसला तर निरोप देई. कोणत्या ओळीने बदलला, केव्हा बदलला, याचा पत्ता नाही. उत्तर बरोबर आलेलं असल्याने विद्यार्थी निरोपाकडे कानाडोळा करी आणि जर्नलवर सही होई. तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की पहिल्याच झटक्यात ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळे, आणि निष्कर्ष निघे की लिनक्स अवघड आहे. खरं तर लिनक्सने चूक ज्या ओळीत होती तिथेच हात धरला होता. दोष चुगलखोरावर आणि शाबासकी गप्प बसणाऱ्यावर, हा संस्कार तिथे रुजला.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मंडळी घेतात: नीट काळजीपूर्वक लिहिलं तर या चुका होतच नाहीत, हत्यारं कशाला, शिस्त हवी. शिस्तीचं महत्त्व नाकारता येत नाही. पण चिकूच्या नोंदीचा तोच प्रोग्राम १९९० च्या दशकात, भारतीय भाषांसाठीच्या इस्की या संकेतावर लिहिला असता तर? आयएस १३१९४ : १९९१ या क्रमांकाने भारतीय मानक झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रातून वापरात आलेल्या त्या संकेतात देवनागरीचं एक चिन्ह एका बाइटात मावत असे. ‘डहाणू’ पाच बाइट, ‘तलासरी’ सहा. दहा बाइटांची जागा तेव्हा ऐसपैस होती आणि ती ठेवणारा प्रोग्रामर पुरेसा काळजीवाहू होता. पुढे युनिकोड आणि त्याचं यूटीएफ-८ आलं, बाइट तिप्पट झाले आणि त्याने न केलेली चूक त्याच्या कोडमध्ये आपोआप उगवली. माणसाची काळजी त्याने कोड लिहिला त्या क्षणापुरती असते. कोडखालची गृहीतकं नंतर बदलतात. शिवाय जे जगातल्या निष्णातांना साधलं नाही ते सगळ्यांना साधेल हे मानणं भाबडेपणाचं आहे. ओपनएसएसएल या इंटरनेटभर वापरल्या जाणाऱ्या सुरक्षाप्रणालीत समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का हे न तपासता तितके बाइट परत पाठवले जात. मार्च २०१२ मध्ये बाहेर पडलेल्या आवृत्तीतली ही चूक एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने उघड झाली. दोन वर्षं एका वेळी ६४ किलोबाइटांपर्यंत भलती मेमरी, प्रसंगी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसह, बाहेर सांडू शकत होती आणि त्यामुळे सर्व्हर सहसा कोसळत नसे. कोसळला असता तर ती बहुधा लवकर सापडली असती.

मग चुकीला ओरडायला लावायचं कसं? पहिली पायरी फुकट आहे: कंपाइलरचे सगळे इशारे चालू करायचे आणि एकही इशारा शिल्लक ठेवायचा नाही. दुसरी, जीसीसी कंपाइलरमधली ‘फोर्टिफाय’ तपासणी. ती दुसऱ्या पातळीवर, ऑप्टिमायझेशनसोबत (वेगासाठीच्या सुधारणेसोबत) लावली तर डहाणूचं नाव दहा बाइटांच्या जागेत कॉपी करणाऱ्या फंक्शनलाच जागेची मर्यादा कळते आणि प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो. तिसरी, गूगलच्या मंडळींनी २०१२ मध्ये मांडलेला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. तो प्रोग्रामच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट बाजूला राखून तिथे नोंद ठेवतो की हे बाइट वापरायला खुले आहेत, परत केलेले आहेत की कुणाचेच नाहीत. सी भाषेने न ठेवलेला सातबारा तो प्रोग्राम चालू असताना तयार करतो आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तो उघडून बघतो. साखळी मोडणारा तो चुकीचा लूप याच्या हाती पहिल्याच फेरीत सापडतो, आणि जागा कुठे घेतली, कुठे परत केली, कुठे पुन्हा वापरली, या तिन्ही ओळी तो क्रमांकासकट छापतो. २००२ पासूनचं व्हॅलग्राइंड पुन्हा कंपाइल न करता असंच काम करतं, बरंच हळू पण कसून. आणि एखादी संख्या कोण बिघडवतंय हे कळतच नसेल तर जीडीबी या डीबगरमध्ये त्या चार बाइटांवर पहारा बसवता येतो: हे बदलले की थांब. डहाणूच्या पेट्या ४० वरून ८५ लाखांवर गेल्या त्या क्षणी तो थांबतो, आणि समोर असते नाव कॉपी करणारी ओळ.

डेटा स्ट्रक्चरच्या बाबतीत हीच शिस्त थोड्या वेगळ्या रूपात लागते, कारण तिथे एकही बाइट जागा सोडून सांडला नसला तरी रचना आतून मोडलेली असू शकते. दुहेरी साखळीत प्रत्येक कडीला पुढची आणि मागची कडी ठाऊक असते. मधली कडी काढताना पुढे जाणारा दुवा जोडला आणि मागे येणारा विसरला, तर यादी पुढून नीट छापली जाते आणि मागून चालताना काढून टाकलेल्या कडीवर जाऊन आदळते. कुठलंही हत्यार याला मेमरीचा गुन्हा म्हणणार नाही, निदान ती कडी परत करेपर्यंत. इथे रचनेनेच आपली साक्ष द्यायला हवी. म्हणून प्रत्येक रचनेसोबत एक तपासनीस फंक्शन लिहावं: प्रत्येक कडीच्या पुढच्या कडीला मागची म्हणून हीच कडी माहीत आहे का? मोजलेल्या कड्या आणि नोंदवलेली संख्या जुळते का? शोधासाठीची वृक्षरचना (बायनरी सर्च ट्री) असेल तर डावीकडचं सगळं लहान आणि उजवीकडचं मोठं आहे का? प्रत्येक भर आणि प्रत्येक वजाबाकीनंतर हे फंक्शन चालवलं की मोडतोड आणि बोंब यांच्यात एकाच क्रियेचं अंतर उरतं. त्यापुढचं शोधकाम बहुतेक वेळा मिनिटांचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोसळणं चांगलं म्हणता, पण १९ जुलै २०२४ चं काय? त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धोके ओळखण्याच्या नियमांची एक छोटी फाइल जगभर पाठवली आणि विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रं निळा पडदा दाखवून पडली. भारतातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. देशातल्या दहा बँका व वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडथळे आल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. इथे तर चूक जागेवरच ओरडली, आणि त्या ओरडण्यानेच अनर्थ झाला. पण कंपनीने ऑगस्टमध्ये दिलेला कारणांचा अहवाल पाहिला तर आक्षेप उलटा फिरतो. नव्या प्रकारच्या नियमात २१ रकाने ठरवलेले होते आणि यंत्रावरचा कोड प्रत्यक्षात २० च मूल्यं पुरवत होता. ही तफावत फेब्रुवारीपासूनची. मार्चमधल्या चाचणीत आणि त्यानंतरच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, म्हणून तो कधी वाचलाच गेला नाही. जुलैच्या फाइलने तो पहिल्यांदा वाचायला लावला आणि कोड विसाव्याच्या पुढे, यादीबाहेरच्या मेमरीत गेला. सुमारे पाच महिने चूक गप्प होती. म्हणूनच ती कारखान्यात न ओरडता बाजारात ओरडली. नंतर केलेल्या दुरुस्त्याही याच दिशेच्या आहेत: यादीची हद्द तपासणं आणि रकान्यांची संख्या कंपाइल करतानाच पडताळणं. बोंब व्हायला हवी ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधी, हा यातला धडा. आणि गिऱ्हाइकाकडे गेलेल्या यंत्रात कोसळणं परवडत नसेल, तर सदोष नियम नाकारून आधीच्या नियमांवर चालत राहण्याची सोय ठेवावी लागते. तीही चूक ओळखता आली तरच शक्य होते.

तिसरा आक्षेप वेगाचा. तपासण्या लावल्या की प्रोग्राम मंदावतो. हे खरंच आहे: अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने सरासरी ७३ टक्के जादा वेळ लागतो असं त्याच्या कर्त्यांनीच आपल्या शोधनिबंधात मांडलं, आणि व्हॅलग्राइंडखाली वीस-तीस पट वेळ लागू शकतो. पण हा खर्च मुख्यतः चाचणीच्या वेळचा आहे, आणि त्याच शोधनिबंधात क्रोमियम ब्राउझरमध्ये तीनशेहून जास्त नव्या चुका सापडल्याचीही नोंद आहे. त्याहून जुना दाखला संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांचा. १९६० च्या दशकात इलियट कंपनीच्या संगणकांसाठी केलेल्या अल्गोल कंपाइलरमध्ये अ‍ॅरेची हद्द प्रत्येक वेळी तपासली जाई. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असं नंतर ग्राहकांना विचारलं तेव्हा त्यांनी एकमुखाने नको म्हटलं, असं होर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं. आजच्या यंत्रांच्या तुलनेत ते संगणक अतिशय मंद होते, तरी ग्राहकांना भरवसा जास्त मोलाचा वाटला. आज वेगाची सबब त्याहून कमी पटते.

चौथा आक्षेप म्हणतो, मग भाषाच बदला. यात बरंच तथ्य आहे. मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत मालकीची नोंद कंपाइलर स्वतः ठेवतो. परत केलेल्या कडीतून पुढचा पत्ता वाचणारा लूप तिथे नेहमीच्या रीतीने लिहिला तर कंपाइलच होत नाही. गूगलने अँड्रॉइडमधला नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला घेतल्यावर मेमरीशी निगडित सुरक्षा-दोषांचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचं जाहीर केलं, आणि तेही जुना कोड सगळा फेकून न देता. हा आमच्या म्हणण्याला मिळालेला पाठिंबाच आहे, कारण रस्टचं सगळं बळ चुकीला आणखी लवकर, प्रोग्राम चालण्याआधीच, ओरडायला लावण्यात आहे. पण भाषा बदलली की सगळे प्रश्न मिटले असं होत नाही. जावासारख्या भाषा न लागणारी मेमरी आपोआप गोळा करतात. त्या गोळा करतात ती फक्त जिच्यापर्यंत कोणत्याच पत्त्याने पोहोचता येत नाही ती. ज्याच्यापर्यंत पोहोचता येतं पण जे पुन्हा कधीच वापरलं जाणार नाही, ते तसंच साचत राहतं. या गप्प साचण्याचा वेध आयआयटी मुंबईत घेतला गेला. उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, कोणता पत्ता पुढे वापरात येणार हे प्रोग्रामचा मजकूर वाचूनच ठरवून, निरुपयोगी झालेले दुवे वेळीच तोडता येतील अशी पद्धत मांडली.

हत्यारंही चुकतात, हा शेवटचा आक्षेप पूर्णपणे मान्य करायला हवा. तलासरीचे तीन बाइट आगरच्या नोंदीत शिरतात तेव्हा दोन्ही नोंदी एकाच अ‍ॅरेत असतील तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर गप्प बसतो, कारण त्याच्या लेखी तो सगळा एकच गट आहे. प्रोग्राम न चालवता नुसता वाचून चुका शोधणाऱ्या साधनांची अडचण वेगळी: ती कधी नसलेल्या चुका दाखवतात. प्रत्येक प्रोग्रामबद्दल प्रत्येक वेळी बरोबर निवाडा देणारं यंत्र असू शकत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामापासून ठाऊक आहे. तरीही पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रातल्या मंडळींनी सी भाषेतले प्रोग्राम पडताळणारं ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ घडवलं, आणि ते २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात पहिलं आलं. कोणत्याही साधनाला मर्यादा असते, म्हणून एकाहून जास्त साधनं लावायची असतात. एका साधनाची नजर चुकवून गेलेली चूक दुसऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता वाढते. कोणतंच न लावलं तर ती थेट वापरणाऱ्याच्या हाती लागते.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा. वर सांगितलेली जीसीसी, जीडीबी, व्हॅलग्राइंड ही साधनं मोफत आहेत, जुन्यापान्या संगणकावर चालतात, आणि डहाणू रोडहून लोकल पकडून पालघर-विरारकडे शिकायला जाणाऱ्या मुलीच्या कॉलेजातही ती एका दुपारी बसवता येतात. खर्चिक आहे ते फक्त सवय बदलणं. सी आणि डेटा स्ट्रक्चरच्या प्रात्यक्षिकात आज उत्तर बरोबर आलं की गुण मिळतात. त्याऐवजी उत्तरासोबत तपासणीचा अहवालही जर्नलमध्ये चिकटवायला सांगावा, इशारा शिल्लक असेल तर सही नाकारावी, आणि तोंडी परीक्षेत एक बिघडलेला प्रोग्राम देऊन विचारावं: लक्षण इथे दिसतंय, चूक कोणत्या ओळीत झाली ते दाखव. जिला हे दाखवता येईल तिला कोणतीही नवी भाषा अवघड जाणार नाही. ज्याला फक्त चालणारा प्रोग्राम लिहिता येतो, त्याच्या प्रोग्रामवर आपलं वीजमीटर किंवा आपली बोट सोपवण्याआधी मात्र दोनदा विचार करावा.